नकाशावरची ‘आई-बाबांची खोली’

नकाशावर ‘आई-बाबा’ असं लिहिलेली चौकट दिसली की तीन पिढ्यांच्या घराचा विचार झाला, असं बहुतेकांना वाटतं. पण आज साठीत असलेले बाबा वीस वर्षांनी ऐंशीचे होणार आणि दहा वर्षांचा नातू तोवर संसाराला लागलेला असणार. घर मात्र आजच्याच मापाने आखलं जातं. पुढचे गैरसमज त्यातूनच येतात.

गैरसमज 1: वडीलधाऱ्यांना तळमजल्यावर खोली दिली की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती: जोतं दोन फूट उंच असेल तर तळमजल्याच्या दारातही चार पायऱ्या येतात. चाकांच्या खुर्चीसाठी उतार 1:12 पेक्षा तीव्र नसावा. म्हणजे दोन फूट चढायला 24 फूट लांबीचा रॅम्प लागतो. गुंठा-दीड गुंठ्याच्या प्लॉटवर एवढी जागा मागाहून सापडत नाही. जोत्याची उंची ठरवतानाच ती धरावी लागते.

खरी कसोटी न्हाणीघराची. तिथे सर्रास अडीच फुटी दार बसतं आणि चौकट वजा जाता खुर्ची दारातच अडते. मोकळी रुंदी तीन फूट हवी, आत खुर्ची वळायला पाच फूट व्यासाची जागा हवी. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं आणि मदतीला जाणारा बाहेर राहतो.

गैरसमज 2: गच्चीवर सळया सोडल्यात, पुढे मजला चढवता येईल.

वस्तुस्थिती: वरच्या मजल्याचं वजन पेलायचं असतं ते जमिनीखालच्या फूटिंगला. फूटिंग आणि कॉलम एकाच मजल्याच्या हिशोबाने केले असतील, तर गच्चीवरच्या सळयांना काही अर्थ नाही. शिवाय उघड्या सळया पावसाळ्यागणिक गंजतात. पुढे किती मजले हवेत हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला पाया खणण्याआधी सांगा आणि त्याची सही असलेले नकाशे जपून ठेवा. वाढीव बांधकामाला नव्याने परवानगी लागते, तेव्हा ते मागितले जातातच. लिफ्टचंही तसंच. आज परवडत नसेल तर दोन्ही मजल्यांवर एकाखाली एक येतील अशी कोठीघरं ठेवा आणि पुढे तिथे लिफ्ट येणार हे इंजिनिअरला आत्ताच सांगा.

गैरसमज 3: भिंत जाड आणि सिमेंट जास्त, म्हणजे घर भक्कम.

वस्तुस्थिती: 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी परिसरात जी घरं कोसळली, त्यांतल्या कितीतरी घरांच्या भिंती दोन फुटांहून जाड होत्या. पण दगड मातीत बसवलेले, आतला-बाहेरचा थर एकमेकांत नीट न गुंतलेला आणि वर माळवदाचा भार. भिंती फुटल्या आणि छप्पर माणसांवर आलं. बळ जाडीत नसून बांधणीत असतं.

काँक्रीटचंही तेच. सिमेंटची गोणी वाढवली आणि ‘माल जरा पातळ करा’ म्हणत पाणीही वाढवलं, तर जादा पाणी ताकद खाऊन टाकतं. स्लॅबला दोन-चार दिवस पाणी मारून थांबणं ही दुसरी चूक. भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, तर राखमिश्रित सिमेंटला किंवा कोरड्या उन्हाळ्यात किमान 10 दिवस ओलावा टिकवायला हवा.

गैरसमज 4: कर्ज मुलाने फेडलं, म्हणून घर मुलाचं.

वस्तुस्थिती: हप्ते भरल्याने जमिनीची मालकी बदलत नाही. सातबाऱ्यावरचं नावही मालकीचा अंतिम पुरावा नाही. ती महसुली नोंद आहे. जागा आजोबांची स्वकष्टार्जित असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. वडिलोपार्जित मिळकतीत 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला. त्यासाठी वडील तेव्हा हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. म्हणून आत्याला पाया खणण्याआधी बोलवा, फक्त वास्तुशांतीला नको.

आजोबा हयातीतच बक्षीसपत्र करणार असतील, तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द त्यात असू द्यावेत. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातली हस्तांतर रद्द करण्याची तरतूद या अटीवरच उभी आहे.

गैरसमज 5: दोन स्वयंपाकघरं म्हणजे घर फुटलं.

वस्तुस्थिती: वरच्या मजल्यावर पाण्याची आणि सांडपाण्याची एक लाइन आत्ता काढून ठेवली तर चूल वेगळी होत नाही. सुनेला रात्रपाळीहून आल्यावर सासूबाईंची झोप न मोडता चहा करता येतो, एवढंच. नंतर हेच काम करायचं तर फरशी फोडावी लागते.

नकाशा मंजुरीला देण्याआधी प्लॉटवर फक्कीने खोल्या आखा. आजीला पलंगाच्या जागेपासून न्हाणीघरापर्यंत काठी टेकत चालू द्या. ती जिथे अडखळेल तिथली रेघ पुसायला आज फक्त पाय फिरवावा लागतो.