माळरान ‘पडीक’ नाही, कामावर आहे!

पाटसहून बारामतीचा रस्ता पकडलात तर तुकोबांच्या पालखीची वाट लागते. पाटसपर्यंत कालवा, ऊस आणि साखर कारखाना. रोटी घाट ओलांडला की गवत, खडक आणि मोकळं आभाळ. ‘इथं तर काहीच नाही,’ असं वाटलं ना? सरकारी कागदही तेच म्हणतात. केंद्राच्या ‘वेस्टलँड ॲटलास’मध्ये अशी बरीच गवताळ जमीन चक्क पडीक म्हणून मोजली जाते.

पण या ‘काहीच नाही’मध्ये लांडगा, चिंकारा, खोकड, तरस असे सगळे नांदतात. जवळच सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, 1997 सालचं. चिंकारांसाठी राखलेली ही जागा फक्त 5.14 चौरस किलोमीटर आहे. लांडग्यांच्या एका कळपालाही ती पुरत नाही. म्हणून लांडगा राहतो तो गायरानात, बांधावर, धनगरांच्या वाड्याशेजारी. देशात लांडगे उरलेत जेमतेम तीन हजार. म्हणजे त्याला वाचवायचं की नाही, हे गावच ठरवणार.

आता तुम्ही विचाराल, गावाला यात काय मिळतं? तर खत! सुगी झाली की शेतकरी रानात मेंढ्या बसवतो. रात्रभर कळप बसला की लेंडी आणि मूत्र थेट मातीत. त्याबदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. वाहतुकीचा खर्च नाही आणि रासायनिक खताची पोतीही कमी लागतात. पण त्या मेंढ्या एरवी चरतात कुठे? याच माळावर. उद्या तिथे प्लॉटिंग झालं, तर आधी गवत जाईल, मग मेंढ्या आणि शेवटी शेतातलं खत.

सगळंच गोड आहे असं नाही. लांडगा कोकरू उचलतो तेव्हा त्या घराची वर्षाची कमाई हलते. वन विभाग नुकसानभरपाई देतो, पण त्यासाठी पंचनामा हवा आणि फिरतीवरच्या मेंढपाळाला कागदासाठी थांबणं परवडत नाही. ती भरपाई लवकर हातात पडली, तर लांडग्यावरचा राग नक्की कमी होईल.

दुसरा धोका आपणच वाढवतो. उघड्यावरच्या कचऱ्यावर, उरलेल्या चिकनवर भटकी कुत्री पोसली जातात. ती चिंकारांचा पाठलाग करतात, रोग पसरवतात. शिवाय लांडग्यांशी त्यांचा संकर होतो. पुणे परिसरातल्या अशा संकराचा जनुकीय पुरावा 2023 साली प्रसिद्ध झालाय.

मार्ग मात्र आहे. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत गावकऱ्यांनी आपलं माळरान आणि चिंकारा जपले. आता तिथे वन विभागाची ग्रासलँड सफारी चालते आणि गावातली पोरं गाइड म्हणून कमावतात. माळ राखला तर चार पैसे मिळतात, हे दिसलं की भाषणाची गरज उरत नाही.

मग तुम्ही काय कराल? वीकेंडला गाडी गवतात घालू नका, कारण टिटवीसारखे पक्षी अंडी जमिनीवरच घालतात. लांडग्याची गुहा सापडली तर रील टाकून लोकेशन देऊ नका. कॉलेजचं वृक्षारोपण माळावर ठरलं, तर हात वर करून विचारा, ‘सर, इथं झाडं कशाला? गवत आहे की!’ आणि तुमचं घर शेतकऱ्याचं असेल, तर या सुगीनंतर वडिलांना म्हणा, ‘यंदा मेंढ्या बसवूया.’