जामीन कोण राहणार?

मागच्या महिन्यात आमचे एक जुने रोखपाल घरी आले. वीस वर्षांपूर्वी त्यांनी तिजोरीत हात घातला होता. चौकशीच्या अहवालावर सही माझीच. तुरुंग भोगला, पै न् पै फेडली. आता कायद्याने घातलेली मुदत उलटल्यावर ते गावच्या पंचायतीला उभे राहणार होते. ‘‘साहेब, माझ्याबरोबर चार घरी याल?’’

चहा निवला, तरी मला उत्तर सुचेना.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्याला सुटकेनंतरही सहा वर्षे संसद वा विधानसभा लढवता येत नाही. विद्यमान सदस्यांना अपिलाच्या आडोशाने मिळणारे अभय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली काढून घेतले. पण खटला नुसताच रेंगाळत असेल तर? कोठडीतून मत देता येत नाही, निवडणूक मात्र लढवता येते! आरोप म्हणजे गुन्हा नव्हे, हे खरे. पण तारखांवर तारखा घेत निवडून येणारेही असतातच.

उमेदवाराच्या शपथपत्रात खटले लिहिलेले असतात. आपण ते वाचतो का? पत न पाहता आम्ही कुणाला शंभर रुपये कर्ज दिले नसते. मतदारही जामीनदारच की!

मी म्हणालो, ‘‘येईन. पण प्रत्येक दारात ती गोष्ट आधी तुम्ही सांगायची.’’

ते बराच वेळ गप्प होते. मग उठत म्हणाले, ‘‘घरच्यांना विचारून सांगतो.’’

अजून आलेले नाहीत. मी वाट पाहतो आहे.