मेणबत्त्यांचा आलेख आणि हिंगणघाटचा कापूस

आपल्या महाविद्यालयातील कित्येकांच्या भ्रमणध्वनीवर अलीकडे लाल-हिरव्या उभ्या पट्ट्यांचे आलेख दिसू लागले आहेत. आरंभी ते शेअर बाजारापुरते होते. आता कापसाच्या वायद्याचेही पाहिले जातात, आणि ‘भाव चढणार, इतक्यात विकू नका’ असा सल्ला त्यांवरून घरी दिला जातो. वर्धा जिल्ह्यात ज्याच्या घरची खोली कापसाने भरली आहे त्याला हा सल्ला महागात पडू शकतो. ठेवलेला कापूस सुकून वजनात घटतो, घरातल्या माणसांना खाज सुटते आणि पीककर्जाची तारीख कोणासाठी थांबत नाही. तेव्हा हे आलेख सांगतात तरी काय, हे अर्थशास्त्राची एक विद्यार्थिनी या नात्याने मांडावेसे वाटते.

या पट्टीला मेणबत्ती म्हणतात. दिवसाचे चार भाव तिच्यात मावतात. समजा, एखादा शेअर १०० रुपयांना उघडला, १०८ पर्यंत चढला, ९४ पर्यंत उतरला आणि १०५ ला बंद झाला. मग १०० ते १०५ हे मेणबत्तीचे जाड अंग, त्यावर १०८ पर्यंत गेलेली एक वात आणि खाली ९४ पर्यंत दुसरी. बंद भाव उघडत्या भावाहून वर असला तर अंग हिरवे, खाली असला तर लाल. दोन्ही सारखेच असले तर अंग उरतच नाही, नुसती आडवी रेघ राहते. तिला ‘दोजी’ म्हणतात. भाव बराच पडल्यावर वर लहानसे अंग आणि खाली त्याच्या दुप्पट तरी लांब वात दिसली, तर तो ‘हातोडा’. विकणाऱ्यांनी भाव पाडला, पण दिवस संपेतो घेणाऱ्यांनी तो पुन्हा ओढून वर आणला, असा त्याचा अर्थ. गंमत अशी की, हीच आकृती भाव चढल्यानंतर आली तर तिचे नाव ‘फाशी गेलेला माणूस’ आणि अर्थ नेमका उलटा! शिवाय ९४ आधी आले की १०८, हे मेणबत्ती सांगतच नाही.

ही पद्धत मूळची शेअरची नव्हे, धान्याची. जपानमध्ये ओसाका शहरातील दोजिमा येथे तांदळाचा वायदे बाजार होता. १७३० साली त्याला राजमान्यता मिळाली. साकाता गावचे तांदूळ व्यापारी होम्मा मुनेहिसा यांना या पद्धतीचे श्रेय परंपरेने दिले जाते. पाश्चात्त्य जगात ती रूढ झाली स्टीव्ह निसन यांच्या १९९१ सालच्या पुस्तकामुळे. शेतमालातूनच जन्मलेली पद्धत आपल्या कापसाला का लागू पडू नये, असे कोणीही विचारील.

उत्तर दोजिमातच आहे. तिथला वायदा एका ठरलेल्या नमुन्याच्या तांदळाचा असे. शेअरचेही तसेच, एक शेअर दुसऱ्यासारखाच. हिंगणघाटच्या बाजार समितीत मात्र एका गाडीत पहिल्या वेच्याचा पांढराशुभ्र कापूस, तर मागच्या गाडीत फरदडीचा, कवडी मिसळलेला, ओलसर. वर्तमानपत्रात छापून येणारे किमान आणि कमाल भाव हे अशा दोन वेगळ्या मालांचे असतात. एकाच मालाचा भाव दिवसभरात किती खालीवर झाला, हे त्यांतून कळत नाही. त्यांच्या वाती काढल्या तर चित्र देखणे दिसेल. ते दिवसाचे नव्हे, गाड्यांचे असेल. (एकोणिसाव्या शतकात ‘हिंगणघाट’ हेच कापसाच्या प्रतीचे नाव म्हणून लिव्हरपूलच्या बाजारात चाले, हे जाता जाता सांगायला हवे.) आणि १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदी योजनेत प्रतवारीनुसार हमीभाव ठरलेला असे, त्या काळच्या मेणबत्त्या काढल्या असत्या तर सगळ्या दोजीच!

वायद्याच्या आलेखात ही अडचण नाही, तिथे दुसरी आहे. मल्टी कमोडिटी एक्स्चेंजवर २०११ साली सुरू झालेला वायदा २९ मिलिमीटर धाग्याच्या रुईचा होता. आपण विकतो तो कापूस. एका क्विंटल कापसातून सुमारे ३३ ते ३५ किलो रुई निघते. बाकी बहुतेक सरकी, आणि तिचा भाव तेल व ढेपेच्या मागणीवर हलतो. रुईच्या आलेखात हातोडा आला आणि त्याच आठवड्यात सरकी उतरली, तर गाडीवर लागणारी बोली जागची हलत नाही. म्हणून मी वहीत मेणबत्त्या काढत नाही. सर्वसाधारण भावाची एक साधी रेघ, शेजारी रुई आणि सरकीचा भाव, आणि आमच्या मालातला ओलावा, एवढेच लिहिते. बाबांनी या हंगामात निम्मा कापूस ती वही पाहून विकला; उरलेल्यासाठी ते रोज सायंकाळी सरकीचा भाव विचारतात.