वेग यंत्राचा, सावधगिरी हाताची

घरात फर्निचरचे काम निघाले की पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांनाच त्याचे अप्रूप असते. हॉलमध्ये प्लायवूडचे तक्ते येऊन पडतात, भुशाचा वास घरभर पसरतो आणि शाळेतून आलेली मुले दप्तर टाकून थेट सुतारकाकांपाशी जाऊन बसतात. पूर्वी तिथे हातकरवतीची खरखर ऐकू येई. आता एक कर्कश आवाज उठतो आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पट्टीचे दोन तुकडे झालेले असतात. हे काम करते ती कंपाउंड मायटर सॉ. ही विजेची करवत सुतारांच्या हाती तर आलीच, पण सुट्टीच्या दिवशी हौसेने लाकूडकाम करणारेही हल्ली ती घरी आणू लागले आहेत. मात्र जे पाते सागाची पट्टी क्षणात कापते, त्याला लाकूड आणि बोट यांतला फरक कळत नाही.

दुहेरी तिरपा काप

फोटोफ्रेमचे चार कोपरे जुळवायचे तर प्रत्येक पट्टी ४५ अंशांत कापावी लागते. हातकरवतीने हे साधायला वर्षांचा सराव हवा. मायटर सॉमध्ये पाते बसवलेला वरचा भाग डावी-उजवीकडे फिरवून हवा तो कोन धरता येतो. कंपाउंड प्रकारात तो बाजूला कलतोही, त्यामुळे एकाच कापात दोन कोन साधतात. देवघराचे शिखर हे त्याचे उत्तम उदाहरण. चार बाजूंनी ४५ अंशांत उतरणारे शिखर करायचे असेल, तर यंत्र ३५.३ अंशांवर फिरवायचे आणि ३० अंशांत कलवायचे. मग चारही फळ्या फट न राहता एकमेकींना भिडतात.

या सफाईमागे वेग असतो. १० इंची पाते मिनिटाला ४,८०० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग ताशी सुमारे २३० किलोमीटर होतो. चूक लक्षात येऊन हात मागे घ्यावा, एवढी सवड हा वेग देत नाही. म्हणून सारी काळजी बटण दाबण्यापूर्वीच घ्यायची असते.

घात होतो तो छोट्या तुकड्याने

लांबलचक पट्टी कापताना माणूस सावध असतो. घात होतो तो बहुधा शेवटच्या, बोटभर तुकड्याच्या वेळी. ‘एवढ्याशासाठी कुठे क्लॅम्प लावायचा?’ असे म्हणत तो चिमटीत धरला जातो आणि बोटे पात्याजवळ जातात. हात पात्यापासून किमान सहा इंच दूर हवा, हा पहिला नियम. तेवढे अंतर राहत नसेल तर लाकूड क्लॅम्पने आवळावे. लहान तुकडे हवे असतील तर ते लांब पट्टीतूनच कापून घ्यावेत.

दुसरा नियम टेकूचा. लाकूड खाली टेबलाला आणि मागे उभ्या पट्टीला, म्हणजे फेन्सला, घट्ट टेकलेले हवे. पाते लाकडाला मागच्या दिशेने ढकलत असते. मध्ये फट राहिली तर लाकूड झटक्याने मागे ओढले जाते आणि त्याच्याबरोबर हातही. पट्टी वाकडी असेल तर तिची फुगीर बाजू फेन्सकडे ठेवावी, नाहीतर कापता कापता पाते चिमटून बसते. डावा हात उजवीकडे, उजवा डावीकडे असे हातांची फुली करून तर कधीच कापू नये.

तिसरा नियम धीराचा. आधी पाते पूर्ण वेगात येऊ द्यावे, मग लाकडाला लावावे. काप पूर्ण झाला की बटण सोडावे आणि पाते पुरते थांबल्यावरच वर उचलावे. फिरते पाते उचलले की कापलेला तुकडा गोळीसारखा उडू शकतो. पुढे-मागे सरकणाऱ्या यंत्रात पाते आधी आपल्याकडे ओढायचे, खाली आणायचे आणि मागे ढकलत कापायचे. कापताना ते आपल्याकडे ओढले तर लाकडावर चढून अंगावर येऊ शकते.

गार्डला तार नको

पात्यावरचे सरकते झाकण, म्हणजे गार्ड, ‘खूण नीट दिसत नाही’ म्हणून काही जण तारेने बांधून ठेवतात. ज्याने बोट वाचायचे तेच असे निकामी होते. तीच गोष्ट जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम करण्याच्या जुन्या सवयीची. हातकरवतीला ते चालून गेले, या यंत्राला चालणार नाही. ते भक्कम टेबलावर बोल्टने आवळलेले असावे.

प्लग नसला तर उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचण्याचा प्रकारही नेहमीचाच. त्याऐवजी अर्थिंग असलेला थ्री-पिन प्लग लावून घ्यावा. पाते बदलताना तो काढून ठेवावा. सैल बाह्या, ओढणी, साडीचा पदर, मनगटातला गंडा-दोरा यांपैकी काहीही पात्याजवळ नको. हातमोजेही नकोत, कारण पाते मोज्यासकट हात ओढून घेते. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण हवे. तोंडावर मास्कही हवा. लाकडाच्या धुळीने माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे.

घरच्यांनी काय करावे?

काम कारागिराचे असले तरी घर आपले असते. यंत्र चालू असताना मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नये. चहा झाला म्हणून मागून हाक मारू नये, पाते थांबण्याची वाट पाहावी. ‘आजच्या आज संपवा’ असा तगादाही लावू नये. घाईत पहिला बळी जातो तो क्लॅम्पचा.

इतके करूनही दुर्घटना घडलीच, तर जखम स्वच्छ कापडाने दाबून हात उंच धरावा. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोटाला बर्फ थेट लावू नये. मग विलंब न करता मायक्रोसर्जरीची सोय असलेले रुग्णालय गाठावे. वेळेत पोहोचल्यास बोट पुन्हा जोडले जाण्याची शक्यता असते.

लाकूड चुकीचे कापले गेले तर दुसरी पट्टी आणता येते. जुने कारागीर कापण्याआधी दोनदा मोजतात ते लाकूड वाया जाऊ नये म्हणून. या यंत्रापुढे उभे राहताना आणखी एकदा नजर टाकावी, ती आपली दहाही बोटे कुठे आहेत हे पाहण्यासाठी.