हिंगणीचा पाहुणा रात्री कुठे थांबतो?

व्यापारी बंधूंनो, कोरियाच्या खेड्यांत लोक राहत्या घरातील खोली प्रवाशाला भाड्याने देतात. तेथे त्याला मिनबाक म्हणतात. वर्धा जिल्ह्यातील आमच्या हिंगणीला हा धंदा जमण्यासारखा आहे.

हिंगणीपासून जवळच बोर धरण आणि बोर अभयारण्य आहे. २०१४ साली ते व्याघ्र प्रकल्प झाले. नागपूरच्या गाड्या आमच्या कापडाच्या दुकानासमोरून जंगलात जातात आणि संध्याकाळी तशाच परततात. गावाच्या वाट्याला चहाचे पैसे तेवढे येतात. पाहुणा एक रात्र थांबला, तर जेवण, खोली, गाडी, खरेदी, सगळ्यांचे काम निघते.

त्याला थांबायला कारण द्या. पहाटे जंगल, दुपारी सेलूमार्गे पवनारचा विनोबांचा आश्रम, मग सेवाग्राम. गांधीजी १९३६ साली तेथे राहायला आले. वर्ध्यात मगन संग्रहालयात चरखे व खादी पाहता येते. समुद्रपूर तालुक्यात गिरडला बाबा फरीदांचा दर्गा आहे. त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा. जेवणात ज्वारीची भाकरी, झुणका, वांग्याचे भरीत द्या. वर्ध्याचा गोरसपाक सोबत बांधून द्या.

मात्र हिशेब नीट करा. पावसाळ्यात जंगल सफारी बंद असते. बारा महिन्यांची कमाई धरून कर्ज काढू नका. आधी घरातली एक खोली, स्वच्छ चादर आणि स्वच्छ संडास, एवढ्यावर सुरुवात करा. पाहुणा दुसऱ्यांदा आला, तरच दुसरी खोली बांधा.