हरिणाची शिकार आणि गोळीची परीक्षा

अमेरिकेतील अरण्यांत पांढऱ्या शेपटीच्या हरिणामागे हिंडणारे शिकारी हाताला सरावलेली रायफल सहसा बदलीत नाहीत, आणि म्हणूनच जॉन ब्राउनिंग यांच्या कल्पकतेतून सिद्ध झालेली विंचेस्टरची १८९४ची तरफेची बंदूक अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदली. परंतु बंदूक कितीही विश्वासाची असो, प्राण्याला यातनांवाचून तत्काळ मरण येते की नाही, हे अचूक नेमाइतकेच गोळीच्या घडणीवर अवलंबून असते. अतिमृदू गोळी खांद्याच्या हाडाशीच फुटून विखुरते, तर अतिकठीण गोळी न उमलता आरपार निघून जाते व जखमी जनावर दूर कोठेतरी तडफडत मरते. जी आपल्या व्यासाच्या सुमारे दुप्पट उमलूनही वजन राखते आणि हृदय-फुफ्फुसांचा ठाव घेते, तीच उत्तम. १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात चिखलाने माखलेल्या मूस जातीच्या हरिणावर झाडलेल्या गोळ्या वरच्यावर फुटल्या, तेव्हा जॉन नॉस्लर यांनी मध्ये धातूची आडभिंत असलेली, पुढचा भाग उमलला तरी मागचा अखंड राहणारी गोळी घडविली.

जनावराच्या पलीकडील कातड्याखाली अडकलेली गोळी काढून तराजूत तोलण्याचा शिकाऱ्यांचा दस्तूर मला फार मोलाचा वाटतो. मात्र तेवढ्याच दाखल्यावर निकाल देऊ नये, फुफ्फुसांची अवस्था आणि रक्ताचा माग हाही पुरावा मानावा. गोळीच्या धातूचाही विचार करावा लागतो: गोळीतील शिशाचे कण पोटात जाऊन कॉन्डॉर गिधाडांना विषबाधा होते, या कारणास्तव कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना संपूर्ण मनाई असून, त्यांच्या जागी बहुधा अखंड तांब्याच्या गोळ्या वापरल्या जातात.