नव्या सारमेयाचा गृहप्रवेश

महाभारताच्या आदिपर्वात आरंभीच एक लहानशी कथा आहे. जनमेजय राजा भावांसह कुरुक्षेत्री सत्र करीत असता सरमा नामक कुत्रीचे पिल्लू तेथे आले. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिले नव्हते की त्यास जीभ लावली नव्हती. तरीही राजाच्या भावांनी त्याला बडवून हाकलले. अपराध नसता याला का मारले, असा जाब सरमेने येऊन विचारला, तेव्हा कोणापाशीच उत्तर नव्हते.

रस्त्यावरचे अनाथ पिल्लू उचलून आणणारे आजचे गृहस्थ त्याला अर्थातच मारीत नाहीत. परंतु घरात आधीची कुत्री असली, म्हणजे हाच प्रसंग निराळ्या रूपाने उभा राहतो. त्यांच्या दृष्टीने नवागत हा घुसखोर असतो. पहिल्याच संध्याकाळी पिल्लू त्यांच्यापुढे सोडले जाते, गुरगुर होते, चावा बसतो, आणि आठवड्याच्या आत ते पुन्हा रस्त्यावर येते. पिल्लू उचलून आणण्यास दया पुरते. ते घरात रुजविण्यास क्रम आणि सवड लागते.

पहिला विचार आरोग्याचा. पार्व्हो, डिस्टेंपर यांसारख्या रोगांची लक्षणे दिसू लागण्यापूर्वी काही दिवस, कधी एकदोन आठवडेही लोटतात. म्हणून दिसावयास धडधाकट असलेले पिल्लूही सुमारे दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावे. पशुवैद्याकडून जंत, गोचिडी व लसी यांची व्यवस्था करावी; आधीच्या कुत्र्यांच्या लसीही वेळच्या वेळी झाल्या आहेत ना, ते पाहावे. रेबीजची लस सामान्यतः तीन महिन्यांच्या वयाला देतात. रस्त्यावरील पिलाचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो. तेव्हा त्याचा दात वा नख कोणाला लागल्यास, लहान पिल्लू म्हणून दुर्लक्ष न करता, जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

विलगपणा म्हणजे एकांतवास मात्र नव्हे. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले की, पिलाच्या मनाची घडण मुख्यतः तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या सुमारास होते. या काळात माणसांचा सहवास त्याला मिळालाच पाहिजे. कुत्र्याची ओळख नाकाने होते. म्हणून पिलाचे अंथरूण थोरल्यांना आणि थोरल्यांचे पिलाला हुंगू द्यावे. मात्र हे पशुवैद्याने पिल्लू निरोगी ठरविल्यानंतरच करावे.

प्रत्यक्ष भेट घराबाहेर, कोणाच्याच मालकीची नसलेल्या मोकळ्या जागी व्हावी. पट्टे सैल असावेत, आणि एका वेळी एकच थोरला कुत्रा असावा. दोघांना समोरासमोर उभे न करता काही अंतर राखून एकाच दिशेने चालवावे. तोंड फिरविणे, ओठ चाटणे, अवेळी जांभई देणे ही संकोचाची चिन्हे होत. शरीर ताठ होऊन नजर रोखली गेली की अंतर वाढवावे. पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग उंचावला, तर ते खेळाचे आमंत्रण समजावे.

थोरल्याने गुरगुरल्यास त्याला रागावू नये. गुरगुर ही ताकीद आहे. ती दडपली, तर पुढच्या वेळी तो ताकीद न देताच चावेल. पिलालाच बाजूस घ्यावे. खाणे वेगवेगळ्या ठिकाणी घालावे, आवडती खेळणी उचलून ठेवावीत, आणि कोणी पाहणारे नसेल तेव्हा त्यांना एकत्र सोडू नये. म्हाताऱ्या कुत्र्याला पिलाच्या धिंगाण्यापासून सुटका देणारा एखादा कोपरा हवा. त्याचे फिरणे, लाड आणि नित्याची जागा यांत खंड पडू नये.

काही घरांत आठवड्यात मेळ बसतो, तर काहींत महिने जातात. एके दुपारी थोरला डोळे मिटून पडलेला असतो आणि पिल्लू त्याच्या पाठीला पाठ लावून झोपते; तो हलत नाही. सरमेच्या पिलाला यज्ञमंडपात जी जागा मिळाली नाही, ती या पिलाला तेव्हा मिळालेली असते.